वहिनींच्या खोक्याची किंमत

आमच्या वहिनींना कुणी म्हटलं, "वा, चहा काय छान आहे," तर त्या म्हणतात, "कसला हो चहा, रंगीत पाणी आहे." पाहुणे यायचे असले की पहाटेपासून स्वयंपाकघरात राबतील, ओट्यावर बोट ठेवायला जागा राहणार नाही इतकं रांधतील, आणि पुढ्यात ठेवताना म्हणतील, "घरात काहीच नव्हतं, कसंबसं गोड मानून घ्या." आता यात वावगं काही नाही. आम्ही तळ्याकाठच्या नागाहामाची माणसं सगळी असंच बोलतो. देणाऱ्याने आपल्या वस्तूला नावं ठेवायची आणि घेणाऱ्याने ती मुळीच मान्य करायची नाहीत, अशी रीत आहे. पण वहिनी जरा जास्तच. त्यांचं घर जळत असलं तरी विझवायला आलेल्यांना म्हणतील, आमच्या एवढ्याशा आगीसाठी तुम्हाला उगाच तसदी.

मी तोकिए, त्यांची नणंद. नवरा गेल्यावर माहेरी परत आले आणि दादाच्या घरातली माडीवरची खोली धरून बसले. त्याआधी सगळी नोकरी एका मोठ्या दुकानात भेटवस्तूंच्या काउंटरवर केली. तिथे माझं मुख्य काम म्हणजे किमतीच्या चिठ्ठ्या काढणं. नखाने हलक्या हाताने सोलायची, मागे राहिलेला चिकटा पुसायचा, मग कागदात बांधायचं. किंमत दिसली तर भेट मेली. तेव्हा देण्याघेण्याच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो, आणि असायलाच हवा.

दादाची एकुलती एक मुलगी चिनामी. तिने तैवानचा मुलगा केला आणि ताइनानला जाऊन राहिली. यंदा तिला मुलगी झाली. आमच्या घरात नुसता आनंदीआनंद झाला. वहिनींच्या गुडघ्याचं नेमकं तेव्हाच ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांना जाता येईना. दादा वहिनींना सोडून तळ्यापलीकडेसुद्धा जात नाही. आणि मी विमानात बसत नाही. का बसत नाही ते विचारू नका, बसत नाही म्हणजे नाही.

तर एके दिवशी तिकडून विहीणबाईंचा फोन आला. ल्याओ विहीणबाईंचं ताइनानला सुक्या फळांचं दुकान आहे. आमच्याकडचे प्रवासी तिथे झुंडीने जातात, त्यामुळे विहीणबाईंना आमची भाषा येते, पण दुकानापुरती. लग्न आमच्याकडेच झालं, तेव्हा मला दारात बघून त्या म्हणाल्या होत्या, "या, या, आत या, नुसतं बघायला पैसे पडत नाहीत!" मन मात्र सोन्यासारखं.

"विहीणबाई," त्या फोनवर ओरडल्या, कारण फोनवर ओरडावं लागतं अशी त्यांची समजूत आहे, "बाळाचा महिना भरतो! मोठं जेवण! बाळाच्या डोक्यापासून पायापर्यंत सगळं आईच्या घरून येतं. टोपी, कपडा, बूट. लाल कापडावर मांडतात. सगळे बघतात. नाही आलं तर लोक म्हणतात, स्वस्त सून. मला ते ऐकायचं नाही. तुम्ही पाठवा!"

वहिनींनी फोन ठेवला. "स्वस्त सून" हे शब्द त्यांच्या काळजात रुतले. दुसऱ्या दिवशी काठी टेकत टेकत त्या गावातल्या सगळ्यात जुन्या किमोनोवाल्याकडे गेल्या. मी बरोबर होते. आमच्या गावचं दाणेदार रेशीम, त्यावर हाताने रंगवलेले चेंडू आणि पिवळी फुलं, असा बाळाचा किमोनो त्यांनी घेतला. किंमत ऐकून मी चिठ्ठी परत एकदा वाचली. वहिनींनी डोळ्याचं पातं लववलं नाही. टोपी आणि बूट त्यांनी स्वतः विणले, टोपीला बारीक मोती लावले.

"तुमच्या दादांना किंमत सांगू नका हं, वन्सं," त्या मला म्हणाल्या.

"मी कशाला सांगू? मी काय ओकिनोबाई आहे?"

ओकिनोबाई म्हणजे आमच्या टपाल कचेरीतल्या काउंटरवरच्या बाई. गावभर बातमी पोचवायला त्यांना टपालसुद्धा लागत नाही.

खोकं भरत होतो तेव्हा दादा मागे घुटमळत होता. हातात कसलीशी पुडी. मी ओळखलं. दादा फुनाझुशी करतो. तळ्यातला मासा मिठात घालायचा, मग भातात पुरायचा, वर दगड ठेवायचा आणि वर्षानुवर्षं विसरून जायचं. आम्हाला तो वास आला की भूक लागते. बाकीच्यांना वाटतं गटार फुटलं.

"दादा, मासा जाणार नाही," मी म्हणाले.

"मी कुठे काय म्हटलं?" असं म्हणून तो निघून गेला.

तेवढ्यात चिनामीचा फोन. बाळंतीण असल्यामुळे सासूने तिला महिनाभर खाटेवरून उतरू द्यायचं नाही, गार पाणी द्यायचं नाही, केससुद्धा धुवू द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. तिच्या केसांचं घरटं झालं होतं. ती म्हणाली, "आई, एक लक्षात ठेव. खोक्यावर वस्तूंची किंमत लिहावी लागते. खरी लिही. कर पडला तर आम्ही भरू. आत्या, तू बघ गं जरा."

"बघते की," मी म्हणाले.

आणि बघितलंच मी. टपाल कचेरीत वहिनींच्या शेजारी उभी होते. मागे रांग. रांगेत वहिनींच्या पुष्परचनेच्या वर्गातल्या दोघी. समोर चष्मा नाकावर घेऊन ओकिनोबाई.

"आत काय?" ओकिनोबाईंनी विचारलं.

"छे हो, काही नाही. बाळाचं थोडं सटरफटर."

"सटरफटर लिहून चालत नाही. कपडे का?"

"कपडे म्हणजे, चिंध्याच म्हणा."

"चिंध्या लिहू?"

"बाळाचे कपडे लिहा," मी मध्ये पडले.

"बरं. किंमत?"

वहिनींचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. अहो, आपण दिलेल्या भेटीची किंमत चारचौघांत तोंडाने सांगायची! आणि नुसती सांगायची नाही, खोक्यावर बाहेरच्या बाजूने छापायची, म्हणजे तिकडच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांनी वाचावी! यापेक्षा भर बाजारात आंघोळ केलेली बरी. ज्या हातांनी जन्मभर चिठ्ठ्या सोलल्या, त्या हातांनी आता भाचीच्या आहेरावर चिठ्ठी डकवू? माझ्याने होईना. मी वहिनींच्या कानात म्हटलं, "कमीत कमी काय तो आकडा सांगा आणि मोकळ्या व्हा."

"एक हजार येन," वहिनी कुजबुजल्या.

"एकेका कपड्याचे?"

"नाही, सगळ्याचे मिळून."

ओकिनोबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "टपालखर्च याच्या कितीतरी जास्त होतोय."

"असू दे. माल अगदीच किरकोळ आहे," वहिनी म्हणाल्या आणि इतक्या खाली वाकल्या की काठी हातातून सुटली.

चिनामीने काय बजावलं होतं ते आम्हाला घरी येताना पुलावर आठवलं. आता मला नावं ठेवू नका. त्या काउंटरपुढे ओकिनोबाईंच्या समोर उभं राहून बघा, म्हणजे कळेल.

गुरुवारी दुपारी आम्ही तिघं दुलई अंथरलेल्या उबदार टेबलाखाली पाय घालून चहा पीत होतो, तेव्हा वहिनींचा फोन वाजला. चित्र दिसणारा फोन. पडद्यावर विहीणबाईंची एक नाकपुडी आणि एक कर्णफूल दिसलं. मग फोन लांब गेला आणि मागे एक काउंटर दिसला, कस्टमचे एक साहेब दिसले, आणि आमचं खोकं दिसलं. उघडं.

"विहीणबाई!" विहीणबाई ओरडल्या. "मी कस्टममध्ये! वास आला म्हणून उघडलं!"

"कसला वास?" वहिनी घाबरल्या.

साहेबांनी दोन बोटांत धरून एक डबा वर केला. तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा डबा होता तो. मी स्वतः खोक्यात ठेवला होता. साहेबांचं दुसरं बोट नाकावर होतं.

मी दादाकडे बघितलं. दादा चहाच्या पेल्यात बघत होता.

"दादा!"

"थोडासाच घातला," दादा म्हणाला. "जावईबापूंना आवडतो."

"त्यांना आवडत नाही, दादा! ते सभ्य आहेत!"

"किमोनो?" वहिनी कशाबशा म्हणाल्या. "किमोनोला लागला का वास?"

विहीणबाईंनी किमोनो नाकाशी धरून जोरात हुंगला. "नाही! छान! पण साहेब म्हणतात, वासाचं मागून बघू. आधी हे सांगा. रेशीम, हाताने रंगवलेलं, मोत्यांची टोपी, बूट. सगळं एक हजार येन? साहेब म्हणतात, हे खोटं. खरी किंमत पाठवणाऱ्याने सांगायची. नाही सांगितली तर खोकं परत. आत्ताच सांगा, उद्यापासून सुट्टी!"

उद्यापासून सुट्टी, आणि रविवारी जेवण. खोकं परत आलं असतं तर चिनामीचं लाल कापड रिकामं राहिलं असतं.

"सांगा वहिनी," मी म्हणाले.

वहिनींनी फोनसमोर हात जोडले. "अहो, खरंच काही नाही ते. अगदी फालतू आहे."

विहीणबाईंनी ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी किमोनो उलटला, आतलं अस्तर बघितलं, शिवण बघितली आणि मान हलवली.

"साहेब म्हणतात, फालतू नाही."

"दोन हजार?" वहिनी म्हणाल्या.

"दोन हजारात आमच्याकडे पायमोजे येतात!" विहीणबाई उसळल्या आणि साहेबांकडे वळल्या. काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही, पण बोटांवरून कळलं. मग आम्हाला म्हणाल्या, "मी सांगितलं, वीस हजार लावा!"

"नको हो, नको! पाच हजार!"

"पाच? विहीणबाई, असं करू नका. चाळीस!"

"सहा! सहाच्या वर जाऊ नका, हात जोडते!"

"साठ!"

इकडे देणारी किंमत पाडतेय, तिकडे कर भरणारी चढवतेय. ते साहेब बिचारे एकदा फोनकडे बघत, एकदा विहीणबाईंकडे. त्यांनी आजवर कर चुकवणारे पुष्कळ बघितले असतील. जादा कर लावा म्हणून काउंटरवर मूठ आपटणारी बाई त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आली असावी.

मला राहवेना. मी फोन हिसकावला. "अडीच लाख!" मी ओरडले. "नुसत्या किमोनोचे! मी बरोबर होते! अडीच लाख येन!"

तिकडे विहीणबाईंचा जबडा खाली आला. इकडे दादाचा पेला ओठांपाशी थांबला. वहिनींनी डोळे मिटले. दादाने पेला खाली ठेवला, वहिनींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आणि माझ्या माशाची किती लिहिली?" त्याने विचारलं.

कपाळ माझं! अडीच लाखांबद्दल हा माणूस एक अक्षर बोलला नाही.

"साहेब म्हणतात मासा चालत नाही. फेकणार," विहीणबाई म्हणाल्या.

"फेका, पण किंमत लिहून फेका," दादा म्हणाला. "तीन वर्षांचा आहे."

"साहेब लिहितात, मासा, सडलेला."

"सडलेला नाही!" दादा गुडघ्यांवर उभा राहिला. लग्नातसुद्धा मी त्याचा एवढा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "मुरलेला! मुरलेला लिहायला सांगा!"

यावर साहेब बराच वेळ बोलले. विहीणबाईंनी थोडक्यात सांगितलं, "साहेब म्हणतात, ओरडणाऱ्या बाईंचं चालत नाही, माशाच्या मालकांचं तर मुळीच नाही. ज्यांचं नाव खोक्यावर आहे त्यांनीच किंमत सांगायची."

म्हणजे वहिनी. आता फोनमध्ये आणखी एक चौकोन उघडला आणि त्यात चिनामी आली, केसांच्या घरट्यासकट, खांद्यावर बाळ. "आई, मी सांगितलं होतं ना?" ती म्हणाली. "बोल गं. किंमतच सांगायची आहे, गुन्हा नाही कबूल करायचा."

वहिनींनी एप्रन तोंडावर ओढून घेतला आणि आतून म्हणाल्या, "मान हलवली तर चालेल का?"

साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, चालेल, पण लवकर हलवा, मागे रांग लागली आहे.

मग मी आकडा परत एकदा सांगितला आणि वहिनींनी एप्रनच्या आत मान हलवली. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकून कराचा हिशेब केला. विहीणबाई मात्र हटून बसल्या. "एवढाच? साहेब, नीट बघा. टोपी धरली का? बूट दोन आहेत, दोन्ही धरले का?" कर भरून झाल्यावर त्यांनी पावती हातात घेतली आणि म्हणाल्या, "शिक्का पुसट आलाय. मोठा मारा."

खोकं सुटलं. त्या रात्री वहिनी एक घाससुद्धा जेवल्या नाहीत. "वन्सं, मी अडीच लाखांना मान हलवली हो," एवढंच त्या परत परत म्हणत होत्या. दादाही जेवला नाही, पण त्याचं दुःख वेगळं होतं.

रविवारी आम्ही टेबलावर लॅपटॉप मांडून बसलो. वहिनींनी ठेवणीतला किमोनो नेसला होता. दुखरा पाय लांब पसरला होता, तो पडद्यात दिसत नव्हता. दादाने कोट घातला, टाय बांधला. खाली पायजमाच होता. मी त्याला म्हटलं, "उठू नकोस म्हणजे झालं."

तिकडे नुसती गर्दी. त्यांच्या रीतीच्या तेलभाताची पातेली, लाल रंगवलेली अंडी, पोराबाळांचा कल्ला. चिनामीने केस धुतले होते आणि तिचा चेहरा कसा उजळला होता. बाळ किमोनोत गुंडाळलेलं, डोक्यावर मोत्यांची टोपी. ते ध्यान बघून मला इतकं भरून आलं की मी दादाच्याच बाहीला नाक पुसलं.

मग विहीणबाईंनी आम्हाला टेबल दाखवलं. लाल कापड, त्यावर विणलेले बूट, आणि मधोमध सोनेरी चौकटीत घातलेली कराची पावती. शिक्का हाताएवढा.

"अगं बाई!" वहिनी खाली खाली सरकत पडद्यातून नाहीशा झाल्या.

मी त्यांना काखेत हात घालून परत वर काढलं. पण खोटं कशाला बोलू, मीच हादरले होते. आम्ही किंमत लपवण्यात जन्म घालवला आणि यांनी ती भिंतीवरच्या देवासारखी मांडली. पाहुणे ओळीने यायचे, चष्मा लावायचे, पावती वाचायचे आणि "ओहो!" करायचे. मग चिनामीकडे वळून हसायचे. विहीणबाई शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या. स्वस्त सून म्हणायची आता कुणाची टाप नव्हती.

सगळं चांगलं चाललं होतं. तेवढ्यात आतेसासूबाई आल्या. या विहीणबाईंच्या थोरल्या नणंदबाई. नणंद काय चीज असते ते मला कुणी सांगायला नको. तरुणपणी त्या आमच्या ओसाकात नोकरीला होत्या, त्यामुळे त्यांना आमची भाषा अगदी स्वच्छ येते. त्यांनी पावतीकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाळाच्या टोपीचे मोती चिमटीत धरले आणि पडद्याकडे बघून विचारलं, "हे खरे आहेत का हो?"

खरेच होते. पण वहिनींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "छे हो, सगळं आपलं फालतूच आहे. आमच्यासारख्यांना दुसरं काय जमणार?"

मी त्यांना चिमटा काढला. उशीर झाला होता.

"बघा," आतेसासूबाई म्हणाल्या, आधी आमच्या भाषेत आणि मग पाहुण्यांसाठी त्यांच्या. "मुलीची आईच म्हणतेय, फालतू. मग पावतीवर काय का असेना. लग्नातसुद्धा या म्हणाल्या होत्या, आमची मुलगी काही कामाची नाही, सांभाळून घ्या. ते मात्र खरं निघालं हो. अजून साधा तेलभात जमत नाही."

सगळे हसले. दुष्टपणाने नाही, जेवणावळीत हसतात तसे. चिनामीसुद्धा हसली. ते हसणं मी ओळखते. आम्हीच तिला शिकवलंय ते, लहानपणापासून. कुणी काही बोललं की मान खाली घालायची आणि हसायचं. ती हसता हसता बाळाच्या किमोनोची नाडी सारखी करत राहिली, आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

मी तोंड उघडणार, तोच वहिनींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी पसरलेला पाय ओढून जवळ घेतला. डॉक्टरांनी सक्त मना केलेलं. टेबलाचा आधार घेऊन त्या ताठ बसल्या. कान लाल झाले होते, पण एप्रन नव्हता आणि त्यांनी तोंडही झाकलं नाही.

"आतेसासूबाई," त्या म्हणाल्या, "लग्नात मी तसं बोलले. ते खोटं होतं."

पलीकडे गडबड चालूच होती. विहीणबाईंनी एका ओरडण्यात सगळ्यांना गप्प केलं.

"आमच्यात देताना असंच म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "रंगीत पाणी म्हणायचं, चिंध्या म्हणायच्या. मला वाटलं होतं, ऐकणाऱ्याला कळतं. किमोनो महाग आहे. मोती खरे आहेत. टोपी मी सहा वेळा उसवून परत विणली. पण ते राहू दे. माझी मुलगी फार मोलाची आहे. आमच्या घरात तिच्याहून मोलाचं दुसरं काही नव्हतं, आणि तेच आम्ही तुम्हाला देऊन टाकलं. तेव्हा मी खरी किंमत सांगितली असती ना, तर तुम्हाला परवडली नसती."

दादाचा हात टेबलाखालून सरकत गेला आणि वहिनींच्या दुखऱ्या गुडघ्यावर जाऊन थांबला. तिकडे विहीणबाई पाहुण्यांना सगळं समजावून सांगत होत्या. किती बरोबर सांगितलं कोण जाणे, पण बऱ्याच बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. आतेसासूबाई बाळाची टोपी नीट करण्यात एकाएकी फार गुंतल्या. चिनामीने नाडी सोडून दिली. ती पडद्याकडे बघत होती, आणि हसत नव्हती.

मग विहीणबाई फोनच्या इतक्या जवळ आल्या की परत एक नाकपुडीच दिसायला लागली. त्यांना खूप काही बोलायचं होतं. शब्द मात्र दुकानातलेच होते.

"विहीणबाई," त्या रडत रडत ओरडल्या, "आम्ही घरी नेल्यावर नीट बघितलं होतं! माल एक नंबर! आम्हाला तेव्हाच कळलं! पण आता ऐका, एकदा घेतलेला माल परत मिळणार नाही!"

वहिनी हसल्या. डोळे गळत होते आणि त्या हसत होत्या.

"परत नको हो," त्या म्हणाल्या. "पण अधूनमधून बघायला पाठवत जा."

"आई," चिनामी म्हणाली. तिने बाळाला उचलून पडद्याशी धरलं. वहिनी त्या पडद्यावर हात फिरवत बसल्या, आणि मी उठून दुसरा रुमाल शोधायला गेले.